डाव्या पंखाचा गोंद

४ फेब्रुवारी, रविवार

आमचं रिमोटवरचं विमान पडलं. उभ्या केलेल्या गाड्यांपासून वीस पावलांवर. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

दादाने ढिगातून डावा पंख उचलला. त्यावरचं बाल्सा लाकडाचं शीट – दीड मिलिमीटरचं, नखाने दाबलं तरी खळगा पडेल असं – अर्धं उचकटलेलं. "हवेतच सुटलं. गोंद कच्चा राहिला," म्हणाला. आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबच्या सेक्रेटरींनी मान हलवली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बांधणारी मी, उडवणारा दादा – तीस वर्षं हीच वाटणी. मलाही उडवता येतं, पण कामापुरतं.

सेक्रेटरी जाताना म्हणाले, "एप्रिलच्या मेळाव्याआधी नवा पंख मी स्वतः तपासणार. पुन्हा असं झालं तर तुमच्या भावाला मैदान बंद."

दादाची लिफ्ट दुरुस्तीची नोकरी दोन वर्षांपूर्वी संपली. वहिनी म्हणतात, विमान आहे म्हणून हा माणूस सकाळी उठून दाढी करतो.

५ फेब्रुवारी

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासल्या. सत्तावीस वर्षांत माझी एकही कवळी सांध्यात उलली नाही. आणि पंख सुटतो? बघतेच.

१० फेब्रुवारी

चार गोंद आणले. प्रत्येकाच्या पाच नमुन्यांचे तुकडे कापले – खाली पंखात असतात तशा लाकडी पट्ट्यांच्या बरगड्या, वर शीट. मागे नंबर. जेवणाचं टेबल गेलं कामातून. ताट मांडीवर घेऊन जेवले.

१३ फेब्रुवारी

झटपट गोंद बाद. शीट नीट बसायच्या आत धरतो. वाकडं बसलं की बसलं. शिवाय वाळला की दगड. पॉलिश कागद फिरवला तर गोंद तसाच राहतो आणि शेजारचं लाकूड खोल जातं. वर हात फिरवला की पंखाच्या बरगड्या मोजता येतात – उपाशी कुत्र्यासारख्या!

१६ फेब्रुवारी

दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा गोंद – ताकदीला तोड नाही. पण वजन! हिशेब केला तर पूर्ण पंखात चाळीस ग्रॅमची भर. नको.

चपला चिकटवतात तो पिवळा गोंद आधी आवडला होता. पण गाडीत बंद काचांमागे दिवसभर ठेवला, तर शीट कडेने हळूच उठलं. तोही गेला.

उरला साधा पांढरा, लाकडाचा.

१८ फेब्रुवारी

पांढऱ्यात पाणी फार. लावला आणि पाच मिनिटांत शीट पन्हळीसारखं वळलं. टाचण्या, वजनं, कपड्यांचे चिमटे, सगळं लावलं. तरी मध्ये फुगलंच.

दादा आला होता. न राहवून विचारलं, "चारचौघांत गोंद कच्चा म्हणालास. मला आधी विचारायचंस ना?"

"मग काय म्हणायला हवं होतं?" म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून गेला.

वाईट वाटलं. हात मात्र थांबवले नाहीत.

२५ फेब्रुवारी

शेजारचे सुतारकाका नमुन्यांचा पसारा बघून हसले. म्हणाले, "ओला चिकटवायची घाई कशाला? दोन्हीकडे लाव, पार वाळू दे. मग शीट ठेव आणि वरून इस्त्री मार. गरम झाला की पुन्हा मऊ पडतो आणि धरतो. आम्ही दारांवरचा पातळ लाकडी थर असाच बसवतो."

संध्याकाळी करून पाहिलं. फक्त बरगड्या येतात तिथेच गोंदाच्या रेघा ओढल्या. इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर. शीट सरळच्या सरळ! चुकलं तर पुन्हा इस्त्री ठेवून हलवताही येतं.

२ मार्च

इस्त्रीने चिकटवलेले पाचही नमुने गाडीत, मग फ्रिजमध्ये, मग हातांनी मोडले. दर वेळी लाकूड तुटलं, सांधा नाही. ठरलं.

१० मार्च

नव्या पंखाची खालची बाजू झाली. वहिनींची चांगली इस्त्री आणली होती, तळाला गोंद लागला. घासून परत केली. त्यांनी उलटी करून पाहिली.

१७ मार्च

मापांसाठी जुना पंख काढला. उचकटलेली जागा पहिल्यांदाच भिंगातून पाहिली. गोंदाच्या रेघांवर सगळीकडे लाकडाचे तंतू. म्हणजे माझा सांधा धरून होता. शीट फाटलं, सुटलं नाही. फाटलेल्या कडेत माती रुतलेली, म्हणजे फाटलं ते जमिनीवर आपटल्यावर.

मग विमान पडलं कशाने?

दादाला फोन केला. भिंगात दिसलं ते सांगितलं. तो म्हणाला, "जुनं उकरू नकोस. नवा पंख कर."

उकरलं नाही.

७ एप्रिल

सेक्रेटरी आले. पंखाची दोन टोकं दोन खुर्च्यांवर, मध्ये चार किलो वाळूची पिशवी. मग पाच. मग स्वतःचा हात ठेवून दाबलं. "कुठला गोंद?" मी सांगितलं. "तो? खिडक्यादारांचा?" वहीत लिहून घेतला आणि सही दिली.

दादा कोपऱ्यात उभा होता. मग पुढे येऊन पंखावरून बोटं फिरवत राहिला, नुसती बोटं. नंतर म्हणाला, "तुझ्यासारखा हात नाही कुणाचा." तीस वर्षांत पहिल्यांदा.

२१ एप्रिल, मेळावा

पंख उत्तम धरला. चौथ्या फेरीला, विमान वर असताना, दादाने रिमोट माझ्या हातात ठेवला. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "तू उतरव. मला दिसत नाहीये ते. त्या दिवशीही दिसत नव्हतं."

उतरवलं. मग तो माझा दंड धरून सेक्रेटरींकडे निघाला. त्या दिवशीचं खरं बोलला तोच, सगळ्यांसमोर.