नालाच्या खिळ्याची अंगठी

तीर्थस्वरूप आरवेलाताईस,

नावूहून धाकट्या लरूचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर वायोमिंगमध्येच आखडली). तुझा गुडघा काय म्हणतो? तिकडे यूटात जर्दाळू पिकायला आले असतील. माझ्या झाडाचे तूच उतरवून घे, शेजारणीचा हात पोचायच्या आत.

तर आमची यात्रा. माझ्या लेकाने, केन्डलने, सगळ्यांसाठी पिवळे टी-शर्ट छापून घेतले, पाठीवर ‘पूर्वजांच्या पावलांवर’. आपल्या मॉर्मन पूर्वजांना इथून, या नावू गावातून, हाकललं, ते चालत पश्चिमेला आले. आम्ही गार हवेच्या गाडीत बसून पूर्वेला निघालो, म्हणजे पावलं उलटीच. हे सुनेने बोलून दाखवलं, तेव्हा स्वारी अख्खं नेब्रास्का संपेपर्यंत गप्प होती (नेब्रास्का फार सुखात गेलं). पण त्याआधी वायोमिंगमध्ये पूर्वजांसारखी हातगाडी ओढायची हौस झालीच. मला आत बसवलं. मी म्हटलं, अरे, त्यांच्या गाडीत पीठ असायचं, म्हाताऱ्या चालायच्या! “आई, तू पिठापेक्षा हलकी आहेस गं,” म्हणाला, आणि पहिल्याच उतारावर मला झुडपात ओतलं. नातवंडं इतकी हसली की मलाही रागावता येईना.

वाटभर दुसरा विषय नाही: माझं घर विकायचं आणि मला त्याच्या तळघरात न्यायचं. खोली झकास आहे म्हणे, वर्षभराच्या गव्हाच्या डब्यांना लागूनच. म्हणजे अडीअडचणीसाठी साठवलेल्या जिनसांत मीही एक! रीड मला एकटीला ठेवून गेले तरी मी अजून स्वयंपाकघरात गुणगुणते, ताई. तळघरात काय गव्हाला गाऊन दाखवू? मला नाही जायचं तिथे.

इथे नावूत जुनी लोहारशाळा आहे. घोड्याच्या नालाच्या खिळ्याची अंगठी वळवून देतात, खरं तर पोराटोरांना. नदीपलीकडचे ऑर्व्हल म्हणून एक विधुर, आपल्याच चर्चचे, जुने नालबंद, तिथे हातभार लावायला येतात. मी बोट पुढे केलं. “सिस्टर, सवय घोड्यांची आहे, जरा जपून वळवतो,” म्हणाले. मी म्हटलं, “जपता कशाला? जन्मभर गाईंच्या धारा काढलेलं बोट आहे हे!” इतके हसले की हातोडा खाली ठेवावा लागला. आणि अंगठी बसली ती बसलीच. साबण झाला, लोणी झालं, रविवारी चर्चमधल्या जेवणातली गाजर घातलेली हिरवी जेली झाली (तेवढ्यासाठी तरी ती उपयोगी पडेल वाटलं होतं). शेवटी रोज ऑर्व्हलकडेच जावं लागलं. त्यांनी बोट निरखायचं, मान हलवायची आणि उद्या या म्हणायचं. केन्डल म्हणतो, कसला कारागीर हा!

घरच्यांना आशीर्वाद सांग.

तुझी,
लरू

ता.क. अंगठी अडकलेली नाही. मीच मूठ आवळून धरते. हे ऑर्व्हलना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

ता.क. २. काल त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. आपल्या मॉर्मन देवळात लागलेल्या लग्नाच्या बंधनाने अनंतकाळ मी रीडचीच आणि ते त्यांच्या गेलेल्या मेल्बाचे, त्यात बदल नाही. आम्ही फक्त मरेपर्यंतचं बघतोय.

ता.क. ३. केन्डलला हे तूच सांग. आपण मयताच्या घरी नेतो ना, ते चीज घातलेले बटाटे कर. तोंडात ते असले की तो वाद घालत नाही.

आणि जर्दाळू उतरवू नकोस. ऑर्व्हल स्वतःची शिडी घेऊन येताहेत.