कर्णधाराचा घोटा

तीर्थरूप बाबा,
नमस्कार. घडलं ते क्रमाने सांगते, म्हणजे आईला वाचून दाखवताना गोंधळ होणार नाही.

१. सरावात आमच्या फुटबॉल संघाच्या कर्णधाराचा घोटा मुरगळला.
२. संघाची फिजिओ म्हणून मी तपासलं. त्या एका पायावर त्याला उभंच राहता येईना.
३. रविवारी अंतिम सामना आहे. तो खेळू शकणार नाही, असं मी प्रशिक्षकांना सांगितलं.

प्रशिक्षक म्हणाले, "पट्टी घट्ट बांध, बाकीचं मी बघतो."

मी म्हटलं, "पट्टी दुखणं झाकते, घोटा सांधत नाही. पुन्हा मुरगळला तर वर्ष जाईल."

कर्णधार हसला. "ताई, एकच सामना गं! मग हवं तर पाय कापून ठेव तुझ्याकडे." हसतानाही त्याचा हात भिंतीवरच होता.

शनिवारी 'तंदुरुस्त' म्हणून मी सही करायची, नाहीतर सामान आवरायचं, असं मला बजावलंय. मी सही करणार नाही.

बाकी ठीक. जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत ना? तिला खुर्चीत बसूनच करू द्या.

माझी खोली भाड्याने देणार होतात. दिली का? शुक्रवारपर्यंत नक्की कळवा.

तुमची,
थोरली