वकीलकाकांविरुद्धचं प्रतिज्ञापत्र

बाबा,

तुमच्या वकीलकाकांविरुद्ध मी बार कौन्सिलकडे तक्रार केली आहे. हो, तेच, आपल्या गणपतीत आरतीला पुढे असायचे ते. कोलकात्यात कुणी मराठीत दोन वाक्यं बोललं की तो तुम्हाला सख्खा भाऊ वाटायचा. बँकेच्या दक्षता विभागात बसून तुम्ही शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांवर संशय घ्यायचात, आणि काकूंचा पुरणपोळीचा डबा घरी आला की संपलं! बालीगंजच्या फ्लॅटचं खरेदीखत बिल्डर करून देईना, तेव्हा दावा लावलात तोही काकांकडूनच. तुम्ही गेल्यावर बारा वर्षं मी त्यांना फोन करतेय आणि ते म्हणतायत, "पुढची तारीख पडलीय गं, काळजी करू नकोस." यंदा बिल्डरच्या मुलानं आईला घर खाली करायची नोटीस पाठवली, तेव्हा मी स्वतः कोर्टात जाऊन नकला काढल्या. दावा तुम्ही हयात असतानाच मागे घेतलेला!

तक्रार म्हणजे नुसता अर्ज नाही हो. त्याच्या प्रती, सोबत शपथेवरचं प्रतिज्ञापत्र. मग एक प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच जाते. तो उत्तर देणार, त्यावर आपण लिहायचं, आणि त्यात तथ्य वाटलं तरच प्रकरण शिस्तपालन समितीपुढे जाणार. समितीत तिघं, तिघंही वकील. एकाच माळेचे मणी, मी आईला म्हटलं. काउंटरवरची बाई शिक्का मारताना हसली, तर मला वाटलं, ही आता काकांना फोन करणार. तुमचीच मुलगी ना मी.

काकांच्या उत्तरासोबत तुमचं पत्र आलं. इंग्रजीत टाइप केलेल्या चार ओळी, दावा मागे घ्यावा म्हणून. मजकूर वर, सही पार तळाला, मध्ये वीतभर कोरी जागा. सही तुमचीच आहे, ते मी नाकारत नाही. आणि बारा वर्षांच्या त्या खोट्या तारखा? "घरी कळू देऊ नका असं त्यांनीच बजावलं होतं," असं काका लिहितात. मेलेला माणूस कुठे नाही म्हणायला येतोय! आई पत्र बघून म्हणाली, "अगं, मला न विचारता यांनी कधी पडदे बदलले नाहीत, ते घर सोडतील?" मला तिच्याकडे बघवेना.

मग मी माझं उत्तर लिहिलं. एका रविवारी सकाळी आपल्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही काकांना कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्यात, मी समोर होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कसले कागद म्हणून विचारलं तर तुम्ही माझ्यावर खेकसलात, "आपल्या माणसावर संशय घ्यायचा नाही." आलिपूर कोर्टाबाहेरच्या नोटरीनं विचारलं, "शोब पोडे निएछेन तो, दीदी?" सगळं वाचलं, खरं आहे, असं सांगून मी सही केली. त्या एका परिच्छेदावर प्रकरण समितीपुढे गेलं. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. काकांची सनद जाऊ शकते. फसवणूक झाली असं ठरलं, तर दावा पुन्हा उभा करता येईल असं आमच्या नव्या वकीलबाई म्हणतात, आणि मग आईला घर सोडावं लागणार नाही.

काका परवा आपल्याच इमारतीत लिफ्टपाशी भेटले. खूप थकलेत. "तुला माहीत नाही गं तुझा बाप," एवढंच म्हणाले. मी जिना चढून वर आले. मला त्यांचा राग येतो, बाबा, आणि त्याहून जास्त तुमचा.

हे पत्र मी फाडणार आहे, कुणाच्या हाती लागलं तर काकांचं काम फत्ते. तो रविवार खरा आहे. तुमचं खेकसणंही खरं. पण कागद कोरे होते की नाही, ते मी पाहिलं नाही. मी पोह्यांच्या बशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते, आणि मला बघताच तुम्ही ते पालथे घातलेत.