बारावा खिळा

४ ऑक्टोबर

नोटीस लागली! एकोणीस तारखेला वरच्या बंधाऱ्याचा दरवाजा बंद करणार आणि धबधब्याचं सगळं पाणी पाइपातून खालच्या वीजकेंद्रात. म्हणजे धबधबा संपला. पंधरा दिवस हातात.

समोरच्या खोलीत अकरा धबधबे टांगलेत. सगळे काळे-पांढरे, सगळे ह्यांनी काढलेले. बारावा खिळा पाच वर्षांपूर्वीच ठोकून ठेवलाय, तो ह्या धबधब्यासाठी. मनासारखा फोटो येईना, म्हणून रिकामा. आणि आता हे जूनपासून खुब्याचं हाड मोडून पलंगावर! डॉक्टर म्हणाले, चालाल, पण चढ विसरा.

नोटीस वाचून दाखवली. "असू दे," म्हणाले. भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत.

मी जाणार. सत्तावीस वर्षं ह्या माणसाच्या कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर वाहिलाय. एक बटण दाबता येणार नाही होय मला?

५ ऑक्टोबर

शिकवणी सुरू. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं!

"पाण्याचे धागे दिसले पाहिजेत. शटर जास्त वेळ उघडं ठेवलंस तर साय होते, कमी ठेवलंस तर काचेचे तुकडे."

"मग किती वेळ?"

"ते पाणी सांगतं."

हे काय उत्तर झालं!

मग रिळाचं पुराण. रीळ संपलं की गुंडाळताना फिल्मचं शेपूट बाहेर ठेवायचं आणि त्याचं टोक दुमडायचं. सरळ शेपूट म्हणजे कोरं रीळ. अहो, माहीत आहे! आमच्या लेकीला अक्षरं यायच्या आधी हे येत होतं.

ह्यांनी पाण्याचे हजारो फोटो काढले, माझा एक नाही. विचारलं की म्हणायचे, माणसं हलतात. आणि पाणी काय मांडी घालून बसतं? लग्नानंतर एकदा काढला होता. डोळे अर्धे मिटलेले, हनुवट्या दोन. मीच फाडला म्हणा. पण म्हणून माणसाने पुन्हा काढूच नये?

८ ऑक्टोबर

गेले. एकटी!

तुषार उडतात म्हणून पांढरा रेनकोट घातला. तोही ह्यांनीच आणलेला. "लांबून दिसतेस. घसरलीस तर सापडशील." त्यात मी चालता-बोलता फ्रिज दिसते.

वाटेत प्रत्येक वळणावर थांबले, सवयीने. हे नेहमी वीस पावलं मागे. "तू हो पुढे, मी दम खातो." आणि मी पुढून बडबडायची, की अशाने पोचेपर्यंत अंधार पडेल. आज मागे कोणी नाही. तरी चार वेळा थांबले. बरं नाही वाटलं.

९ ऑक्टोबर

बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लावून रीळ धुतलं. साय! छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नुसती साय. पहिल्या फोटोलाच मोहात पडले, चार सेकंद उघडं ठेवलं, आणि मग सगळेच तसे.

ह्यांनी भिंग लावून एकेक बघितला. "दगड चांगला आलाय," म्हणाले. एवढं वाईट कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

परत गेले. ह्या वेळी अर्धा सेकंद, पाव सेकंद, सगळं वहीत लिहून. कंबर धरली, बूट फाटला. घरी येऊन रीळ धुतलं तर कोरं! टोक चाकात अडकलंच नव्हतं. मी दिवसभर बटण दाबत होते आणि रीळ आत जागच्या जागी झोपलेलं.

हे हसले. खो खो हसले! जूननंतर पहिल्यांदा. आधी राग आला, मग मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

१३ ऑक्टोबर

घरातली रिळं संपली. दुकानदार म्हणाला, "आता कोण वापरतं काकू? मागवतो, पण दहा दिवस लागतील." दहा दिवसांनी काय, पाइपाचा फोटो काढू?

लेकीचा फोन. "आई, मोबाइलवर काढ ना!" हे ऐकून तर हे पलंगावरून उठायलाच निघाले.

१४ ऑक्टोबर

चार दुकानांत फोन केले. नाही. नाही. नाही. चौथा हसला, मेला!

१६ ऑक्टोबर

सापडलं! ह्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. पडले त्या दिवशी अंगात होता तो कोट. दवाखान्यातून आणला तसा चार महिने दाराआड टांगलेला. धुवायला काढला आणि हाताला रीळ लागलं. शेपूट बाहेर, सरळ.

तो दिवस आठवला. धबधबा अजून लांब होता. हे नेहमीसारखे मागे. "रीळ घालतोय, तू हो पुढे," एवढं ओरडले आणि मग धप्प आवाज. म्हणजे घालायचं राहून गेलेलं रीळ असणार हे.

ह्यांना सांगणार नाही. सांगितलं तर म्हणतील, ओल्या खिशात राहिलेलं रीळ, खराब झालं असेल, उगाच कशाला जातेस. जाणार म्हणजे जाणार!

१८ ऑक्टोबर

बहिणीकडे जाते म्हणून निघाले. स्टँड आधीच मागच्या दाराने बाहेर काढून ठेवला होता. ह्या वयात ही थेरं!

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "आजी, बघायचं ते आजच बघून घ्या. उद्या नुसता दगड." आजी म्हणाला! पण स्टँड चढावर वाहून दिला मला, म्हणून माफ.

आधी रिळाचं टोक चाकात बसवलं. दोनदा तपासलं. मग घाई केली नाही. दगडावर बसून पाणी बघितलं, तासभर तरी. डावीकडे तो मोठा कातळ, कढईच्या बुडासारखा काळाकुट्ट, आणि त्याला लागून पाणी. एका जागी ते फाटतं, पुन्हा एक होतं. हे "पाणी सांगतं" म्हणतात ते आज कळलं. पाव सेकंद. छत्तीस वेळा.

शेवटचं बटण दाबल्यावर पाण्याला हात जोडले. कोणी बघत नव्हतं.

१९ ऑक्टोबर

आज दरवाजा पडला असेल.

२० ऑक्टोबर

मुसळ केरात.

सकाळी रीळ धुतलं. धागे आलेत! सुटे सुटे, हवे तसे. पण प्रत्येक फोटोत आणखी काहीतरी. वेड्यावाकड्या रेघा, झाडं, वाट. एकावर एक दोन फोटो.

रीळ ह्यांच्यापुढे धरलं आणि सगळं कबूल केलं. बहीण, कोट, खिसा. ओरडलेही. "सरळ शेपटाचं होतं! कोरं होतं!"

"दुमडायच्या आत पडलो ना मी," म्हणाले.

"म्हणजे झालेलं होतं? अहो, त्या दिवशी तुम्ही धबधब्यापर्यंत पोचलाच नव्हता! एक अख्खं रीळ कशावर संपवलंत?"

खिडकीकडे रीळ धरून किती वेळ बघत राहिले. मी रडत होते. शेवटची संधी, आणि मी मातीत घातली. एका शब्दाने विचारलं असतं ह्यांना, तर काय जीभ झडली असती?

मग म्हणाले, "छापू नकोस."

"का?"

"नकोस म्हणतोय ना." कान लाल झालेले! ह्यांचे कान मी दोनदाच लाल बघितलेत; एकदा लग्न ठरवायला आले तेव्हा.

२१ ऑक्टोबर

छापणार.

२२ ऑक्टोबर

औषधाच्या पाण्यात कागद हलवत होते. आधी कातळ उमटला. मग पाण्याचे धागे. मग त्या काळ्या कातळात, हळूहळू, पांढरा रेनकोट. खांद्यावर स्टँड. पाठमोरी मी, चढ चढतेय.

छत्तीसही बघितले. वळणावर मी, ओढ्यात मी, झाडाखाली कोणावर तरी हात नाचवत ओरडणारी मी. सगळी माझी पाठ.

ओला फोटो तसाच ह्यांच्यापुढे नेला. म्हटलं, काढायचाच होता तर समोरून नाही का काढायचा?

"समोरून काढला की फाडतेस," म्हणाले. "कपाटात वरचा डबा बघ."

डब्यात सत्तावीस वर्षांची रिळं होती. शेपटं दुमडलेली.

बाराव्या खिळ्यावर फोटो टांगला. आणि मी समजत होते, हा माणूस दमतो म्हणून मागे राहतो.