उंदराचं शेपूट

अप्पा, तुमचं एक पेन दुरुस्तीला परत आलंय. काळं, एबोनाइटचं, टोपणावर चांदीच्या तारेची वेल. गिऱ्हाईक म्हणालं, एक पान उचकटलंय, बोटाला टोचतं. मला आधी पटलंच नाही. तुम्ही ठोकलेली तार, आणि उचकटेल? आयुष्यभर आमचं डोकं खाल्लंत, की खाच आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरायची, म्हणजे ठोकलेली तार आत फसते आणि जन्मात निघत नाही. गोंदाचं नाव काढलेलं तुम्हाला खपायचं नाही. "गोंद लावायचा आसंल तर पोस्टात जाऊन पाकिटं चिकटव," म्हणायचात, "पेनाला हात लावू नको." हेच मी आता भोकरदनच्या आपल्या दुकानात शिकायला येणाऱ्या पोरींना ऐकवते, अगदी तुमच्याच तोऱ्यात.

आज चिमट्यानं ते पान उचललं, तर खाली पिवळा पडलेला गोंद. भिंगातून पुन्हा पाहिलं. गोंदच. खाच सरळसोट, नवशिक्यानं कोरलेली, आणि पानाचं टोक भलतीकडेच वळलेलं. ते टोक मी ओळखते, अप्पा. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून पहिल्यांदाच खऱ्या पेनावर पान बसवलं होतं. तुम्ही येता, नख लावून बघता, तार सुटते. "हे पान हाय का उंदराचं शेपूट?" आई तव्यावरची भाकर तशीच सोडून म्हणते, "आवो, लेकरू रडून राह्यलं, बस करा की आता." तुम्ही पेन उचलून निघून जाता. दुसऱ्या दिवशी जेवताना सांगता, "काढून टाकलं ते. मंग म्याच नवं कोरलं." झालं. मी हत्यारं खाली ठेवली, ती तुम्ही गेल्यावरच पुन्हा हातात घेतली. तुमच्या हयातीत माझं एकही पान कोणाच्या खिशात गेलं नाही, असंच मी धरून चालले होते.

आणि तुम्ही ते ठेवलं होतंत. स्वतःचा नियम मोडून, चोरून गोंद लावून. खरं सांगते, मला भयंकर राग आलाय. आवडलं होतं तर तोंडानं बोलायला काय झालं होतं? त्या सगळ्या वर्षांत मी नुसत्या भाकरी थापत बसले. आता भांडायचं तरी कोणाशी, तुमच्या फोटोशी?

गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. रीतसर करायचं तर ते पान फेकून नवी खाच कोरायला हवी, आणि माझ्या हाताला आता ते काही अवघड नाही. मी पोरींना चहा प्यायला पाठवलं. दुकानात गोंद मी ठेवतच नाही, म्हणून शेजारच्या चपलावाल्याकडून मागून आणला. दार लोटून एक थेंब टाकला, आणि उंदराचं शेपूट होतं तिथंच पुन्हा बसवलं.