राखीव नावं

३ नोव्हेंबर, सोमवार
बीडला आलो आणि आल्याआल्या गाव आवडलं! बसस्टँडमागच्या कोचिंग क्लासात नेटवर्क सांभाळायची नोकरी. पगार बरा, खोली जवळ, आणि रविवारी दिंद्रुडहून रुद्राणी येणार. लग्नाला वर्षही झालं नाही, त्यामुळे रविवार फार लांब वाटतोय. संचालक सुंदरराव दिलखुलास माणूस. चहा उमाबाई करतात. त्यात आलं कमी, चौकशा जास्त. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मन्मथभाऊ करून टाकलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
इंटरनेट कुणाला द्यायचं, कुणाला अडवायचं, हे इथली फायरवॉल ठरवते. तिच्यात सगळ्या कॉम्प्युटरांना नुसते नंबर! असला रुक्षपणा मला सोसत नाही. प्रत्येकाला तिथं बसणाऱ्याचं नाव देऊन टाकलं: अभिमन्यू, करिष्मा, विजयसिंह. रुद्राणीचा मोबाइलही तिच्या नावानं नोंदवून ठेवला, म्हणजे आली की लगेच जोडला जाईल. उमाबाईंचं म्हणणं, मशिनीला माणसाचं नाव कावून द्यायचं, इथं पयल्यापासून नंबरच हायेत. मी हसण्यावारी नेलं.
फायरवॉल 'सर्व', 'कोणीही' असे काही शब्द स्वतःसाठी राखून ठेवते. ते आपण नाव म्हणून दिले की नाकारते. सर्व्हरला मी आजोबांचं नाव देऊन पाहिलं, केदारनाथ. तेही राखीव निघालं! हे कुणी ठरवलं कोण जाणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
अभिमन्यू सरांच्या कॉम्प्युटरचं नेट बंद. पाहिलं तर त्यांचं नाव राखीव झालेलं. सरही आले नाहीत. सुंदररावांना विचारलं, तर म्हणतात, कोण अभिमन्यू, गणिताला माणूस मिळंना म्हणून तर आमी लई हैराण हाय.
चेष्टा असेल. काल याच अभिमन्यू सरांनी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी फस्त केली, सुंदरराव शेजारीच बसले होते. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
करिष्माही नाही. तिला कुणी ओळखतच नाही.
मागच्या शेडमध्ये एक मोटारसायकल धूळ खात उभी आहे. किल्लीला पितळी बिल्ला, त्यावर तेच राखीव निघालेलं नाव: केदारनाथ. उमाबाई म्हणाल्या, गाडी कुनाची हाय ते कुनालाच ठावं न्हाई.
परत नंबर लावायला बसलो. एकही नाव पुसलं जात नाही. आणि त्यांत रुद्राणी आहे. माझ्या हातानं घातलेली.

८ नोव्हेंबर
तिला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. ती हसली. सकाळी धपाटे करणार, पहिल्या एसटीनं निघणार म्हणाली.
फायरवॉलच्या मशीनचा प्लग उपटला. दिवे चालूच —
विजयसिंहही राखीव.

९ नोव्हेंबर
एसटी आली. सगळे उतरले. ती नाही. आत एका सीटवर फडक्यात बांधलेले धपाटे, अजून गरम. कंडक्टर म्हणतो, ही सीट दिंद्रुडपास्नं रिकामीच —
आईला फोन केला. आई म्हणाली, कोन रुद्राणी, तुझ्यासाठी स्थळं बघून बघून दमलो आमी.
पळत क्लासात गेलो. तिचं नाव —
राखीव.

१०
रडून काही होत नाही. ती जिथं असेल तिथं एकटी आहे. मी धाडलं, मीच जाणार.
माझं नाव टाइप केलं. घेतलं.
धपाटे पिशवीत घेतलेत. तिला भूक —
उमाबाई दारात. कोन पायजे तुमाला, विचारतायत. मी म्हटलं, उमाबाई, अहो मी —
मी —