दोन पावलं मागे

तीर्थरूप आईस, तुझ्या शेंडेफळाचा दुरूनच वाकून नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. शिवणाच्या दुकानात मन रमलंय असंही लिहिणार होतो, पण तू लगेच ओळखशील.

इथे माणसं हातभर लांब उभी राहून बोलतात. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मशीनवरच्या म्हाताऱ्या कारागिराचा भाऊ गेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो चटका बसल्यासारखा दचकला. मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "विचारल्याशिवाय कुणाला हात लावत जाऊ नकोस." तेव्हापासून मी अंग चोरूनच वावरतो.

तुझे गुडघे कसे आहेत? पायऱ्या उतरताना वहिनीचा हात धरतेस ना?

परवा एक ड्रायव्हर जाकिटाची चेन बदलायला आला. मला फोनवर मराठीत बोलताना ऐकलं आणि "अरे, आपला माणूस!" म्हणत मिठी मारायला पुढे झाला. आणि आई, मी दोन पावलं मागे सरकलो. त्याचे पसरलेले हात तसेच राहिले. जाकीट उचलून, "नंतर येतो," असं पुटपुटत तो निघून गेला. तो काही परत आला नाही. तेव्हापासून जिवाला चैन नाही. शिवलेलं उसवतो, पुन्हा शिवतो.

पुढच्या महिन्यात येतोय. दारातच अवघडून उभा राहिलो, तर पोरगा परका झाला असं समजू नकोस. पाठीत एक धपाटा घाल आणि ओढून घरात घे.

तुझाच,
धाकटा